सतराव्या पाटीचं उत्तर

१

लिफाफा कुणीतरी उघडला होता.

पुन्हा चिकटवलाही होता, आणि बऱ्यापैकी नीट. पण लिफाफा बंद केला की मी जोडावर आडवी सही करतो. अक्षरांच्या डोक्यावरचं सगळं झाकणावर येतं, बाकीचं खाली. माझं आडनाव गांगुर्डे. त्यातला रफार 'डे'च्या डोक्यावर हवा. तो सरकून 'गु'च्या डोक्यावर बसला होता.

मी लिफाफा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "बाई, हा कालपासून कुठे होता?"

"वेदिकाच्या कपाटात," लताबाई म्हणाल्या. "का?"

"आतली उत्तरं कुणीतरी वाचली आहेत."

लताबाईंनी चष्मा लावला, रफार पाहिला आणि चष्मा काढला. तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या त्या. "परीक्षा तर मघाशीच झाली, गांगुर्डे. तिघांचे पेपर तुमच्या हातात आहेत."

म्हणूनच मी विचारत होतो.

लताबाई पंचवटीतल्या एका रुग्णसेवा मंडळाच्या अध्यक्षा. पेठ तालुक्यातल्या पाड्यांसाठी मंडळाने नवी रुग्णवाहिका घेतली होती. उद्या सकाळी आठ वाजता ती निघणार आणि पुढे पेठेतच राहणार. ड्रायव्हर एकच हवा होता. गाडी चालवण्याची परीक्षा आधीच झाली होती, त्यात तिघे सारखे उतरले. आता रस्त्याच्या कडेच्या पाट्या ओळखायच्या होत्या. मी कार्डावरचं चित्र दाखवायचं, दहा अंक मोजायचे, तेवढ्यात त्यांनी अर्थ लिहायचा. अशा पंचवीस पाट्या. सुरुवातीलाच मी सांगितलं होतं की एकही कार्ड दोनदा येणार नाही.

हे काम मी एकतीस वर्षं केलं. बसच्या ड्रायव्हरांना पाट्या शिकवल्या. निवृत्त झालो, आणि जानेवारीत माझी बायको सगुणा गेली. त्यानंतर चार महिने मी दूध आणायला सोडून घराबाहेर पडलो नव्हतो. लताबाईंचा निरोप आला तेव्हा नाही म्हणायचं ठरवलं होतं. का हो म्हणालो ते मला अजून नीट सांगता येत नाही.

मंडळाचा नियम असा की उत्तरं आदल्या दिवशी बंद लिफाफ्यात द्यायची, म्हणजे परीक्षकाला मागाहून कुणासाठी फिरवता येत नाहीत. लिफाफ्यात एकच कागद होता. त्यावर आकडे आणि आकड्यांपुढे शब्द. चित्रं नव्हती. चित्रांची कार्डं माझ्या घरी होती.

मी आज सगळे पेपर त्या कागदावरून नव्हे, डोक्यातूनच तपासले. उत्तरं मला पाठ आहेत. शेवटी फक्त ताळा बघायला लिफाफा हातात घेतला होता. ललिताला पंचवीस, मयूरला चोवीस, गोटीरामला वीस. हे आकडे तिघांना कळलेही होते.

लताबाईंनी लिफाफा फाडला. माझा कागद आणि ललिताचा पेपर शेजारी ठेवून त्या बोटाने एकेक ओळ खाली येऊ लागल्या. सतराव्या ओळीवर बोट थांबलं.

"गांगुर्डे," त्या म्हणाल्या, "चोर ही मुलगी आहे."

२

सतरावी पाटी अशी आहे. लाल काठाचा त्रिकोण, आत एक रेघ, आणि ती रेघ मध्ये खाली दबलेली. पुढे रस्ता एकदम खोलगट होतो, सांभाळा, एवढाच तिचा अर्थ. पुस्तकात नाव आहे 'धोकादायक खोलगट भाग'.

माझ्या कागदावर सतराच्या पुढे लिहिलं होतं, 'फरशी'.

ललिताच्या पेपरात सतराच्या पुढे लिहिलं होतं, 'फरशी'.

"हे कुठल्या पुस्तकातलं?" लताबाईंनी विचारलं.

"कुठल्याच नाही. पेठ, सुरगाण्याकडे ओढ्यावर पूल नसतो. रस्ताच खाली उतरवतात, तळाला सिमेंट घालतात, पाणी वरून जातं. त्याला फरशी म्हणतात. तिकडे गाडी घालणारे आम्ही सगळे ड्रायव्हर ही पाटी दिसली की फरशी आली म्हणतो."

"आणि परीक्षेच्या कागदावर तुम्ही तेच लिहिलंत?"

लिहिलं होतं. एकतीस वर्षं माझे उत्तरांचे कागद सगुणाने लिहिले. माझं अक्षर वाईट. मी सांगायचो, ती लिहायची, आणि मी असा शब्द बोललो की पेन थांबवून म्हणायची, "अहो, पुस्तकातलं नाव सांगा." या वेळी कागद मी एकट्याने लिहिला. पेन कुणी थांबवलं नाही.

हे मी लताबाईंना सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "मला सुचला तसा तिलाही सुचला असेल."

"लिफाफा फुटलेला. मार्क पैकीच्या पैकी. आणि पुस्तकात नसलेला शब्द तुमच्या कागदातला. तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाला असता?"

"तिची परीक्षा पुन्हा घेऊ. आत्ता, तुमच्या समोर."

"त्याने तिला पाट्या येतात एवढंच कळेल. लिफाफा कुणी फोडला ते कळेल का? उद्या पेशंटचं सामान, औषधं, सगळं या माणसाच्या ताब्यात द्यायचं आहे मला." त्यांनी घड्याळ पाहिलं. एक वाजला होता. "पाच वाजता मी निकाल सांगणार. चोर कोण तेही सांगणार. तोवर तुम्हाला काही सापडलं तर बघा. फक्त सतराव्याबद्दल बाहेर एक अक्षर बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

मी बाकीचे दोन पेपर पुन्हा वाचले. गोटीरामने सतराव्याला 'डिप' लिहिलं होतं. ते बरोबरच. त्याच्या पाच चुका सगळ्या थांबण्या-वळण्याच्या पाट्यांच्या होत्या. मयूरचा पेपर वेगळा होता. त्याने एकाही पाटीचं नाव लिहिलं नव्हतं, प्रत्येकीचा अर्थ समजावला होता. शाळेच्या पाटीला 'लहान मुलं रस्त्यात येतील'. अरुंद पुलाला 'एका वेळी एकच गाडी जाईल'. नवव्याला, म्हणजे निसरड्या रस्त्याला, 'ओल्यात गाडी वाकडी जाईल'. सगळं बरोबर. फक्त सतराव्याला 'जमीन गुळगुळीत आहे, चाक घसरेल'.

पेपर तपासताना मला वाटलं होतं, पोरगा डोक्याने हुशार आहे, एवढ्या एका पाटीत गोंधळला.

३

वेदिका मंडळाची क्लार्क. लिफाफ्याचं लताबाईंनी तिला सांगितलं होतं; मी तिच्या टेबलाशी गेलो तर ती आधीच रडवेली.

"काका, माझ्यावर घेऊ नका हं. मी कपाटाला कुलूप घातलं होतं."

"किल्ली?"

तिने भिंतीकडे पाहिलं. खिळ्याला किल्ली लटकत होती.

"अगं, मग कुलूप कशाला?"

"मांजर येतं ना काका, फायलींवर बसतं."

काल दुपारी तिघेही उमेदवार कागदपत्रं द्यायला आले होते. माझा लिफाफा वेदिकाने त्यांच्या देखतच कपाटात ठेवला. मग झेरॉक्स काढायला खाली गेली. दुकानात गर्दी, पाऊण तास लागला.

"परत आलीस तेव्हा इथे कोण होतं?"

"ललिता. एकटीच. बरोब्बर कपाटाशेजारच्या खुर्चीवर." मग हळूच म्हणाली, "मला ती आवडते हो काका. पण लताबाईंनी विचारलं तर मी खोटं नाही बोलणार."

"बोलूही नकोस. ते दोघे कुठे होते?"

"गोटीराम काका जिन्यात तंबाखू मळत होते. मयूर फोनवर बोलत गॅलरीत."

म्हणजे पाऊण तासात तिघांपैकी कुणालाही दोन मिनिटं मिळू शकत होती. लिफाफ्याचं झाकण उचलायचं, कागदाचा मोबाइलवर फोटो घ्यायचा, वेदिकाच्या टेबलावरच्या डिंकाने पुन्हा चिकटवायचं. झालं.

"अजून एक सांगू काका?" वेदिका म्हणाली. "डिंकाची बाटली मी नेहमी उजवीकडे ठेवते. आल्यावर डावीकडे होती."

"तिघांत डावखुरा कोण?"

"मी ते बघितलं आज पेपर लिहिताना," ती म्हणाली आणि पुन्हा तिचा चेहरा पडला. "ललिता."

४

गोटीराम देवळाली कॅम्पचा. फौजेत बावीस वर्षं ट्रक चालवला. जिन्यात बसला होता. मला बघून अर्धा उठला.

"मास्तर, माझा नंबर नाही लागत, मला कळलं. वीस म्हणजे नापासच की."

"पंचवीसपैकी वीस वाईट नाहीत."

"फौजेत पाट्या कोण बघतो! पुढचा ट्रक थांबला की थांबायचं. नाही थांबलं तर हवालदार आईवरून सुरू करायचा. तीच आमची पाटी." तो हसला. मग हसू थांबवून म्हणाला, "लिफाफा फुटला म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"वेदिकानेच. रडत बसलीय ती. मास्तर, मी फोडला असता तर वीस घेतले असते का?"

"काल तू जिन्यात होतास. आत कोण गेलं, कोण आलं?"

"पोरगी मध्येच खाली उतरली, आईला पाणी द्यायला. तिची आई काल पण आली होती, आज पण आली आहे, खाली पायरीवर बसलीय. मयूर गॅलरीत आणि आत, आत आणि गॅलरीत. त्याचा एक पाय जागेवर राहत नाही."

"डिंकाची बाटली कुणी हलवली?"

"मीच," गोटीराम म्हणाला. "चपलेचा अंगठा तुटला होता. चिकटला काही नाही."

त्याने पाय पुढे केला. अंगठा सुतळीने बांधलेला होता. बाटली डावीकडे का होती ते कळलं. वेदिकाचं डावखुरेपणाचं प्रकरण तिथेच संपलं आणि मी पुन्हा होतो तिथे आलो.

मयूर गॅलरीत होता. पंचवटीतला पोरगा, पर्यटकांना त्र्यंबक आणि वणीला नेतो. गाडीवर हात चांगला आहे त्याचा.

"सर, माझा कितवा चुकला?" त्याने पहिलंच हे विचारलं.

"चोवीस मिळाले. पुरेत की."

"नाही, पण कितवा?"

"निकाल लागला की कळेल. काल तू आत एकटा होतास का?"

"होतो ना. सगळेच होतो थोडा थोडा वेळ. मी कशाला लपवू? सर, साधा हिशेब आहे. ज्याच्याकडे उत्तरं होती तो पंचवीस घेणार. मी चोर असतो तर चोवीस घेतले असते का?"

बरोबर बोलत होता. गोटीरामही तेच बोलला होता. आणि तिघांत पंचवीस एकीलाच होते.

मी वळलो तर मागून पुन्हा म्हणाला, "सर, तपासताना चूक होऊ शकते ना? एकदा परत बघा. माझे पंचवीस यायला पाहिजेत."

आतापर्यंत हजारभर ड्रायव्हर माझ्या हाताखालून गेले असतील. चोवीस मिळालेला माणूस चहा पाजतो. एका मार्कासाठी असा मागे लागलेला मला आठवेना.

५

ललिता खालच्या खोलीत बसली होती. सव्वीस वर्षांची, पेठकडची. चार वर्षं पिकअप चालवते, भात आणि आंबे नाशिकला आणते. मी समोर बसलो.

"मास्तर, माझ्यावर आहे ना सगळं?"

"असं कोण म्हणालं?"

"वेदिकाताई सकाळी माझ्याशी बोलत होती. आता बघत पण नाय."

"लिफाफा तू उघडलास?"

"नाय."

"पंचवीस कसे आले?"

ती एकदम तापली. "पाठ केल्यात म्हणून आले! गाडीत चार्ट लावलाय मी. माल भरेपर्यंत बसून काय करायचं? बाई माणसाला पंचवीस पडले की चोरी, आणि वीस पडले असते तर म्हटले असते, बाईला काय कळतंय."

मी म्हणालो, "मी पुन्हा परीक्षा घ्यायचं म्हणालो होतो. बाई नको म्हणाल्या."

"मला पण नको. पुन्हा परीक्षा घेऊन नोकरी द्याल, पण मागून बोलतील, ही ती लिफाफावाली. चोर म्हणून नोकरी नको मला. गेली तर जाऊ दे." ती थांबली. "आईला काय सांगू तेवढं सांगा."

तिची आई भागीबाई दाराच्या पायरीवर बसली होती. पाय लांब करून गुडघा चोळत होती. मी शेजारी बसलो. साडेतीन वाजले होते आणि मला करण्यासारखं काही सुचत नव्हतं.

"दादा, लागली का पोर कामाला?"

"पाच वाजता सांगतील. पाय दुखतोय का?"

"जुनं हाय. आमच्या पाड्याच्या अलीकडं फरशी हाय, तिथं पडले व्हते." तिने हात हलवला. "माझी सून बाळंतपणात त्याच फरशीवर अडली. गाडी आली व्हती नाशिकची. डायवरनं पानी बघितलं अन् परत फिरवली. घोट्याएवढं पानी! आमी वरडतोय पल्याडनं, ये, ये. त्याला काय कळंना. सून गेली. तवापास्नं ही गाडी शिकली. म्हनली, पुढच्या येळी मी आनीन."

आपलं माणूस गेलेल्याशी काय बोलायचं नसतं ते मला हल्ली कळतं.

तीच पुढे बोलली. "तुमच्या शेरातली मानसं लय भारी. मघाशी भाजीबाजारात एक बाई इचारती, मावशी, लंगडता का? म्हनलं, फरशीवर पडले. तर म्हनती, ओली व्हती का? पुसल्यावर सुकू द्यावी, ओल्या फरशीवर पाय घसरनारच!" भागीबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. "म्हनलं बाई, ती फरशी पुसाया गेले तर आख्खा वढाच पुसावा लागंल!"

मीही हसलो. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

आणि हसता हसता उठून उभा राहिलो.

६

पाच वाजता लताबाईंच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. लताबाई टेबलामागे, वेदिका दाराशी, तिघे उमेदवार समोर खुर्च्यांवर.

"गांगुर्डे, काही सांगायचं आहे?"

"आहे, बाई. निकालात चूक झाली आहे. माझ्याकडून."

लताबाईंच्या कपाळावर आठी पडली. मी मयूरकडे वळलो.

"मयूर, तू विचारत होतास कितवा चुकला. सतरावा. पण मला वाटतं दोष तुझा नाही. उत्तर लिहिताना मी पुस्तकातलं नाव टाकलं नाही, आम्हा जुन्या ड्रायव्हरांचा एक शब्द लिहिला. शहरातल्या माणसाला त्याचा वेगळाच अर्थ लागणार. त्यासाठी तुझा मार्क कापणं हा अन्याय झाला."

"गांगुर्डे!" लताबाई म्हणाल्या. मी हात वर केला.

मयूर खुर्चीत पुढे सरकला होता. "तेच म्हणतोय सर मी दुपारपासून! फरशी म्हटल्यावर कुणीही घरातली फरशीच समजणार ना? तुम्ही सरळ पुस्तकातलं नाव लिहायला पाहिजे होतं."

लताबाईंनी चष्मा लावला.

"फरशी," मी म्हणालो. "हा शब्द मी आत्ता उच्चारला का?"

मयूरचं तोंड उघडं राहिलं.

"वेदिका, तुला ठाऊक होता?"

"कुठला शब्द?" वेदिका म्हणाली. "मला कुणी काहीच सांगितलं नाही."

"गोटीराम?"

"मास्तर, मला तर सतरावा कोणता तेच आठवत नाही."

"ललिता बोलली!" मयूर म्हणाला. "खाली बोलत होती ती, फरशी फरशी करून."

ललिता त्याच्याकडे बघत राहिली. "मी? अरे, मला कोणत्या उत्तरावरून धरलंय ते मला आत्ता कळतंय. आणि मी बोलले असते तर तुला मास्तरांच्या कागदावर काय लिहिलंय ते कसं कळलं असतं?"

मयूर खुर्चीत मागे सरकला.

"बाई," मी म्हणालो, "आपण दुपारपासून उलटं धरून बसलो होतो. आपल्याला वाटलं, ज्याच्याकडे उत्तरं होती त्याला पंचवीस पडणार. पण लिफाफ्यात चित्रं नव्हती, नुसते शब्द होते. चोराने पंचवीस शब्द नेले. जसेच्या तसे लिहिले तर सापडेन म्हणून घरी बसून प्रत्येकाचा अर्थ आपल्या भाषेत तयार केला आणि आकड्याप्रमाणे पाठ केला. म्हणून मयूरच्या पेपरात एकाही पाटीचं नाव नाही. चोवीस शब्द सोपे होते. सतराव्याला शब्द आला फरशी. पंचवटीतल्या माणसाने फरशीचा अर्थ काय लावावा? गुळगुळीत. चाक घसरेल."

लताबाईंनी मयूरचा पेपर ओढून घेतला.

"त्याने पाट्यांचा गोंधळ केला असेल, असं मलाही वाटलं," मी म्हणालो. "पण निसरड्या रस्त्याची पाटी नववी होती, आणि ती त्याने बरोबर लिहिली आहे. एकही कार्ड दोनदा येणार नाही, हे मी सगळ्यांना सांगितलं होतं. मग घसरण्याची पाटी दोन वेळा कशी आली? ते चित्र बघा. दबलेली रेघ आहे. ती बघून कुणी खड्डा म्हणेल, डिप म्हणेल. चाक घसरेल असं कुणीही म्हणणार नाही. ते उत्तर चित्राचं नाहीच, शब्दाचं आहे. आणि शब्द फक्त लिफाफ्यात होता."

"आणि ललिता?"

"तिने चित्र बघितलं. तिच्या पाड्यापुढे रोज दिसतं ते लिहिलं. तिची आई खाली पायरीवर बसली आहे, तिला कुणी न विचारता ती चार-पाच वेळा फरशी म्हणाली. तिने माझा लिफाफा फोडलेला नाही."

गोटीराम मयूरकडे वळला. आवाज फौजेतला झाला. "फोन काढ."

"काका, तुमचा काय संबंध?"

"फोन काढ म्हणतो ना."

मयूरने फोन काढला नाही. मांडीवर हात ठेवून खाली बघत राहिला. मग म्हणाला, "पाट्यांतच अडकतो मी, सर. गाडी येते. लायसनच्या वेळीही दोनदा पाट्यांतच नापास झालो होतो. वाटलं, एवढ्यासाठी नोकरी जायला नको."

"गाडी तुला येते," मी म्हणालो. "म्हणूनच सांगतो. समज, लिफाफा फुटलेला कळलंच नसतं आणि तू पेठेत असतास. रात्रीअपरात्री पाड्यावरून फोन येईल, गाडी फरशीपर्यंत आणा. तू कुठे आणली असतीस?"

तो उठला, आणि जाताना ललिताच्या खुर्चीपाशी क्षणभर थांबला. तिने मान वर केली नाही. तो गेला.

लताबाईंनी तिन्ही पेपर सरळ करून ठेवले. "तीस वर्षं पेपर तपासले मी," त्या म्हणाल्या, "आणि बरोबर उत्तर बघून पोरीला चोर म्हणाले. ललिता, नोकरी तुझी आहे. माझं चुकलं."

"बाई," ललिता म्हणाली, "हे इथं नको. आईसमोर सांगा."

वेदिका दारातून बाजूला झाली. लताबाईंना असं कुणी सांगितलेलं तिने पाहिलं नसणार.

लताबाई उठल्या. जिना उतरल्या, पायरीवर भागीबाईच्या शेजारी बसल्या आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. रस्त्यावरचे चार लोक थांबून ऐकायला लागले तरी आवाज खाली आणला नाही.

भागीबाईने पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी लागली ना कामाला?"

"लागली."

"मग एवढं लांबड कशाला लावलं!"

७

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला रुग्णवाहिका दारात उभी होती. झेंडूची माळ, समोर रांगोळी. गोटीराम इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याला बदली ड्रायव्हर म्हणून घेतलं होतं, पाच पाट्या माझ्याकडून शिकून घ्यायच्या अटीवर. लताबाईंच्या हातात नारळ होता आणि पुरोहित दहा मिनिटांत येतो म्हणाला होता.

तेवढ्यात वेदिका वरून धावत आली. "फोन आलाय! पेठच्या वाटेवर, सावळघाटात जीप बंद पडलीय. आत बाळंतीण आहे, कळा सुरू आहेत!"

ललिता गाडीत बसलीसुद्धा होती.

"अगं, नारळ!" लताबाई म्हणाल्या.

"आल्यावर फोडा!"

"आई, उतर," ती भागीबाईला म्हणाली. भागीबाई कधीची पुढच्या सीटवर जाऊन बसली होती.

"न्हाई उतरनार. बाईजवळ बाई नको का कुनी?"

"मग मागं बस. पट्टा लाव."

गोटीराम रस्त्याच्या मध्यभागी जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हातांनी रिक्षा, मोटारसायकली, भाजीची एक हातगाडी, सगळं जागच्या जागी थांबवलं. रांगोळीवरून चाक गेलं. सायरन पेठ रोडला लागला.

आम्ही पायरीवर बसलो. पुरोहित आला, त्यालाही बसवलं. लताबाईंनी नारळ मांडीवरून खाली ठेवला नाही. नऊ वाजता फोन आला, बाई गाडीत घेतली. दहा वाजून पाच मिनिटांनी दुसरा आला, नाशिकच्या दवाखान्यात पोचलो. साडेअकराला ललिताने स्वतः फोन केला. वेदिकाने तो स्पीकरवर टाकला.

"मुलगी झाली," ललिता म्हणाली. "दोघी चांगल्या हायेत. आई आत जाऊन बसलीय, नर्स तिला बाहेर काढायला बघतेय, ती निघत नाय."

पायरीवर एकदम आरडाओरड झाली. गोटीरामने पुरोहिताला मिठी मारली. वेदिका रडत होती. शेजारच्या दुकानदाराने काय झालं ते न विचारताच पेढे पाठवले.

बाराच्या सुमारास गाडी परत आली. लताबाई पुढे झाल्या आणि नारळ भागीबाईच्या हातात दिला.

"मी?" भागीबाई म्हणाली.

"तुम्हीच."

भागीबाईने पदर खोचला, नारळ दोन्ही हातांत धरून डोक्यावर नेला आणि पायरीच्या दगडावर असा आपटला की पाणी लताबाईंच्या साडीवर, पुरोहिताच्या उपरण्यावर आणि माझ्या चष्म्यावर उडालं. एका घावात दोन सरळ वाट्या झाल्या.